दोरी सोडण्याची बाग

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आम्ही उभयता चिरंजीवांकडे अमेरिकेस गेलो. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट या गावी त्यांचे वास्तव्य आहे. आमची ही तिसरी खेप. पाहण्याजोगे जे होते ते पहिल्या दोन खेपांत पाहून झाले होते. मिल्पिटास येथील जैन भवन मोटारीने जवळच आहे. २००० साली उभ्या राहिलेल्या त्या वास्तूत दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही परंपरांच्या मूर्ती एका छताखाली विराजमान आहेत. तेव्हा दर्शन, स्वाध्याय आणि नातीचा सहवास एवढाच आमचा कार्यक्रम होता. परंतु या वेळी घरात एक नवा सभासद आला होता, आणि त्याची वार्ता आम्हांला विमानात बसण्याच्या आदल्या दिवशी फोनवर देण्यात आली. लेखापरीक्षक येण्याच्या आदल्या संध्याकाळी शाखाधिकारी बुडीत खात्याची माहिती वरिष्ठांना ज्या सुरात देतो, अगदी त्याच सुरात चिरंजीव म्हणाले, “अण्णा, एक सांगायचं राहिलं. आम्ही कुत्रा आणलाय.”

सौ.ने फोन माझ्या हातातून घेतला आणि एकच प्रश्न विचारला, “स्वयंपाकघरात येतो का?”

हा प्रश्न किती गंभीर आहे हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या घरांत गायीला घास निघतो, कबुतरांना ज्वारी टाकली जाते, पांजरपोळाची पावती दिवाळीच्या वहीत हमखास असते; परंतु कुत्र्याला आपण उंबऱ्याच्या बाहेर ठेवत आलो आहोत. भाकरी त्यालाही मिळते, पण ती पायरीवर. यामागे केवळ सोवळे-ओवळे नाही. श्वेतांबर श्रावकाचारात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, म्हणजे श्रावकाने टाळावेत असे पंधरा व्यवसाय. त्यांतले शेवटचे ‘असतीपोषण’. त्यात मांजर, कुत्रा यांसारखे प्राणी पैशासाठी पाळण्याचा निषेध येतो. जो प्राणी दुसऱ्या जिवांवर जगतो त्याला पोसले तर त्याच्या हिंसेचा वाटा पोसणाऱ्याकडेही येतो, असा हा सरळ हिशेब आहे. ‘पैशासाठी’ या शब्दाला तेथे वजन आहे हे खरे; पण लहानपणापासून मनात बसलेला विधिनिषेध अशी बारीक अक्षरे वाचत नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसे गुडघाभर उंचीचे जाळीचे फाटक बसवलेले दिसले. सूनबाईंनी ते आमच्यासाठी खास आणले होते. फाटकापलीकडे तांबूस रंगाचा, एक कान दुमडलेला, मध्यम चणीचा एक प्राणी बसला होता. नगरपालिकेच्या प्राणी निवाऱ्यातून त्याला आणला होता आणि तिथल्या लोकांनी ठेवलेले ‘बिस्किट’ हे नावच कायम केले होते. तो भुंकला नाही. सौ.कडे पाहून त्याने नुसती मान तिरकी केली. सौ. म्हणाली, “असू दे,” आणि आंघोळीला निघून गेली. तिचे हे ‘असू दे’ परवानगी नव्हते आणि नकारही नव्हता. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर प्रकरण ‘विचाराधीन’ होते.

आहाराचा प्रश्न मी पहिल्याच दिवशी काढला. सूनबाईंनी डबा उघडून दाखवला. वाटाणे, डाळी, तांदूळ यांपासून केलेले कोरडे वनस्पतिजन्य खाद्य होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि ठरावीक काळाने रक्त तपासून ते दिले जात होते. मांजराला हे चालत नाही, त्याच्या शरीराला काही घटक मांसातूनच मिळावे लागतात. कुत्र्याचे तसे नाही. लांडग्यापासून कुत्रा झाला तेव्हा माणसाच्या संगतीत राहून पिष्टमय अन्न पचवण्याची शक्ती त्याच्या जनुकांतच वाढली, असे संशोधन २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. आपल्या गावची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवरच जगली, हे आपण डोळ्यांनी पाहिलेच आहे. फक्त त्याचा अर्थ लावला नव्हता. तरीही प्रत्येक कुत्र्याला असा आहार मानवेलच असे नाही, आणि डॉक्टरांना न विचारता हा प्रयोग कोणी करू नये, हे येथे नमूद करतो.

दुसरा प्रश्न मात्र मी काढला नाही, तो मनातच राहिला. निवाऱ्यातून कुत्रा घरी देण्यापूर्वी त्याची नसबंदी झालेली असावी, असा कॅलिफोर्नियात कायदा आहे. हा ‘छेद’ नव्हे काय? पाच अतिचारांतील तिसरा. आपल्याकडेही प्राणी जन्म नियंत्रण नियम २००१ साली आले, २०२३ साली ते नव्याने करण्यात आले आणि भटक्या कुत्र्यांसाठी नसबंदी व लसीकरण हाच मार्ग त्यांत सांगितला आहे. रस्त्यावर जन्मून चाकाखाली जाणारी पिल्ले डोळ्यांसमोर आणली की नसबंदीत मला दया दिसते. शास्त्राचे शब्द आठवले की मन अडखळते. माझ्याजवळ याचे स्वच्छ उत्तर नाही.

रविवारी सकाळी नात म्हणाली, “आजोबा, आज बिस्किटच्या बागेत चला ना.” ती अकरा वर्षांची आहे. तिचा शब्द मोडणे मला जमत नाही. सौ. येणार नाही असे धरून चाललो होतो, पण तीही स्वेटर घालून गाडीत येऊन बसली. मात्र पुढच्या आसनावर. मागे मी, नात आणि आमच्या दोघांच्या मध्ये बिस्किट. मला कुत्र्यांचे भय वाटते हे मी कोणालाच सांगितले नव्हते. सांगण्याचे कारण पुढे येईल.

फ्रीमाँटमध्येही तळ्याकाठच्या सेंट्रल पार्कात कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली जागा आहे, परंतु नातीचा ओढा पॉइंट इसाबेलकडे. उत्तरेला पाऊण-एक तासाच्या अंतरावर रिचमंड शहराच्या हद्दीत, सान फ्रान्सिस्को उपसागराच्या अगदी काठावर ही मोकळी भूमी पसरली आहे. जाताना सौ.ने नातीला जीवंधरकुमाराची कथा सांगितली. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावले म्हणून लोकांनी एका कुत्र्याला मरणप्राय मारले; जीवंधरकुमाराने त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला आणि तो कुत्रा मरून यक्ष झाला, पुढे जन्मभर कुमाराच्या उपयोगी पडला. नातीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पण आजी, त्याला डॉक्टरकडे नेता आलं नसतं का?” सौ.ने क्षणभर विचार केला. मग म्हणाली, “तेव्हा नसावेत.” पन्नास वर्षे आम्ही ही कथा ऐकत आलो, हा प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारल्याचे स्मरत नाही.

मोटारतळावर उतरलो तेव्हा शेजारीच कॉस्टको या घाऊक दुकानाचे आवार आणि टपाल खात्याची विस्तीर्ण इमारत दिसली. अशा मोक्याच्या किनारी जमिनीचा भाव काय असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. जात्याच व्यापाऱ्याचा मुलगा. इतक्या किमती जागेवर एक कचेरी नाही, एक इमला नाही. तिथे कुत्री धावतात. प्रवेशासाठी पैसाही पडत नाही.

मोटारतळ ओलांडेपर्यंत नातीने दोरी हातात घट्ट धरली होती. पायवाटेशी पोहोचल्यावर तिने बिस्किटला बसायला सांगितले. तो बसला. तिने गळ्यातल्या पट्ट्याची कडी दाबून दोरी सोडवली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “जा!”

मी आयुष्यात पुष्कळ कुत्री धावताना पाहिली आहेत, पण ती कोणाच्या तरी मागे किंवा कोणापासून तरी दूर. कारण नसताना धावणारा कुत्रा मी प्रथमच पाहिला. गवतावरून तो एक मोठे वर्तुळ घेऊन आला, आमच्याजवळून गेला, पुन्हा गेला. मग एका काळ्या, त्याच्या दुप्पट आकाराच्या कुत्र्यासमोर त्याने पुढचे पाय जमिनीला टेकवले, मागचा भाग उंच ठेवला आणि शेपटी हलवली. माझ्या पोटात गोळा आला. नात म्हणाली, “आजोबा, हे नमस्कारासारखं आहे. म्हणजे मी आता जे करणार ते खेळ आहे, खरं भांडण नाही, असं तो सांगतो.” काळ्यानेही तसेच केले आणि दोघे एकमेकांवर तुटून पडले. दात दिसत होते, गुरगुर ऐकू येत होती. रक्त मात्र कुठेच नव्हते. थोड्या वेळाने मोठा आपणहून पाठीवर आडवा झाला आणि लहानाने वर यावे म्हणून वाट पाहू लागला. बलवानाने खेळात हार पत्करल्याशिवाय खेळ चालत नाही, हे त्या जनावराला ठाऊक होते.

तिथे त्या सकाळी शंभराच्या वर कुत्री असावीत. त्यांपैकी कोणी पाण्यात उडी घेत होते, कोणी चेंडूमागे धावत होते, आणि एक वृद्ध कुत्री नुसतीच वाऱ्याकडे तोंड करून बसली होती. पश्चिमेला गोल्डन गेट पुलाचे मनोरे धुक्यातून अर्धेच दिसत होते. जून महिना असूनही वारा असा बोचरा की मी कानटोपी काढून घातली. माणसेही तितक्याच तऱ्हांची होती, आणि एक गंमत लक्षात आली. ती एकमेकांची नावे विचारीत नाहीत, कुत्र्यांची विचारतात. नातीला तिथे जे दहा-बारा लोक ओळखतात, ते ‘बिस्किटची मुलगी’ म्हणून.

आता ही व्यवस्था कशी चालते ते पाहू. मोकळे सोडणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. कुत्रा मालकाच्या नजरेत आणि हाकेच्या कह्यात हवा. दोरी सोडली तरी ती हातात बाळगायची. घाण मालकाने स्वतः उचलायची. त्यासाठीच्या पिशव्या ठिकठिकाणी टांगलेल्या असतात आणि त्यांच्या पुरवठ्याला श्वानपालकांची स्वयंसेवी संघटना हातभार लावते. कॅलिफोर्नियात तीन महिन्यांवरील प्रत्येक कुत्र्याला रेबीजची लस सक्तीची आहे. एका माणसाने किती कुत्री आणावीत यालाही मर्यादा आहे. लगतचे हॉफमन नावाचे खाजण पक्ष्यांसाठी राखलेले असल्यामुळे तिकडे कुत्र्यांना मज्जाव. एका जिवाच्या मोकळिकीची सीमा दुसऱ्या जिवाच्या घरट्यापाशी संपते, आणि ती सीमा पाटीवर लिहून ठेवलेली आहे, हे मला विशेष आवडले. नियम सर्वच पाळतात असे मात्र समजू नये. मोबाइलमध्ये डोके घालून बसलेले गृहस्थ तिथेही होते आणि त्यांची कुत्री खारींच्या बिळांवर माती उकरीत होती. एका ठिकाणी खऱ्या भांडणाचा आवाजही झाला. दोन्ही मालक धावले, दोघांनी आपापली कुत्री दूर नेली आणि पुढे शब्दाला शब्द वाढला नाही.

बागेच्या एका टोकाला कुत्र्यांना आंघोळ घालून देणारे दुकान आहे आणि त्याला लागून माणसांसाठी कॉफीचे उपाहारगृह. ज्याने हा धंदा तिथे काढला त्याच्या व्यापारी नजरेला मी मनातल्या मनात दाद दिली. चिखलाने माखलेला कुत्रा गाडीत कोण घेणार?

अशा बागांचा इतिहास फार जुना नाही. तिथून जवळच असलेल्या बर्कली शहरात १९७९ साली भुयारी रेल्वेच्या वरच्या मोकळ्या जागेत नागरिकांच्या आग्रहावरून प्रयोग म्हणून एक तुकडा कुत्र्यांसाठी मोकळा ठेवण्यात आला. ओहलोनी डॉग पार्क या नावाने तो आजही आहे आणि अशा प्रकारची पहिली बाग म्हणून त्याचाच उल्लेख होतो. कुंपण असलेल्या अशा बागांना दुहेरी फाटक असते. पहिले फाटक उघडून आत यायचे, ते लावायचे, दोन फाटकांच्या मधल्या चौकोनात दोरी सोडायची, मगच दुसरे उघडायचे. आमच्या बँकेच्या तिजोरीच्या खोलीलाही अशीच दोन दारे असत, म्हणून ही पद्धत मला चटकन समजली. पण दोरी आत गेल्यावर का सोडायची नाही? नातीने दिलेले कारण माझ्या मनात घर करून राहिले. ती म्हणाली, “सगळे मोकळे असताना एकटाच बांधलेला असला ना, तर तो घाबरतो. पळता येत नाही, म्हणून मग तो चावतो.”

पॉइंट इसाबेल चालवणारी संस्था ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट. तिची स्थापना १९३४ सालची, म्हणजे अमेरिकेतील महामंदीच्या ऐन भरातली. हाताला काम नाही अशा दिवसांत तिथल्या मतदारांनी मत देऊन स्वतःवर कर बसवून घेतला आणि सार्वजनिक उद्याने राखण्यासाठी ही संस्था उभी केली.

१९३४ हे साल ऐकले आणि मला बरोबर शंभर वर्षे मागचे आपले एक साल आठवले. मुंबईत त्या काळी कंपनी सरकारच्या हुकमाने ठरावीक महिन्यांत भटकी कुत्री मारली जात आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई घराच्या ओट्यावरची, पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. १८३२ च्या जून महिन्यात, पारशी बांधवांच्या पवित्र दिवशीच हे घडले आणि लोकांचा संयम सुटला. पारशी पुढे झाले. जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून साथ दिली. इंग्रज शिपायांना धान्य व पाणी पोहोचेनासे झाले. कुत्र्यांसाठी एवढ्या मोठ्या शहराने बाजार बंद ठेवल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या बरोबरीने त्यात पुढाकार घेणारे शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजे आपले मोतीशा शेठ. भायखळ्याचे मंदिर आणि शत्रुंजयावरील मोतीशा टूक यांमुळे त्यांचे नाव आपल्या ओठांवर असते; परंतु कुत्र्यांचा जीव वाचवण्यासाठी त्यांनी थैली मोकळी केली, हे आपल्या तरुण पिढीला क्वचितच ठाऊक असते. अशा संस्था चालत त्या व्यापाऱ्यांनी स्वखुशीने मालावर बसवलेल्या ‘लाग्या’वर. गाठोड्यामागे, पोत्यामागे ठरलेली रक्कम धर्मादाय खात्यावर जमा होई. तिकडचा कर आणि इकडचा लागा, दोन्हींत मला तरी फारसा फरक वाटत नाही. फरक आहे तो पुढचा. आपण जीव वाचवला आणि त्याला पोळात ठेवले. त्याने मोकळे धावावे हा विचार आपल्या वहीत कधी आला नाही.

हे मी सौ.ला सांगत बाकावर बसलो होतो. इतक्यात नात आली, “आजोबा, जरा धरा हं,” म्हणून बिस्किटची दोरी माझ्या हातात देऊन त्याच्यासाठी पाणी आणायला गेली. निळ्या रंगाची, विणलेली, एका टोकाला पितळी कडी असलेली दोरी. कुत्रा दूर खेळत होता. हातात नुसती दोरी. आणि मला श्रवणबेळगोळ आठवले.

१९६७ सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो. सांगलीच्या गणपती पेठेत आमची हळदीची अडत होती. दुकानाच्या मागे गोदाम आणि गोदामाच्या चौकात मोत्या नावाचा कुत्रा. तो राखणीचा, म्हणून दिवसा साखळीने बांधलेला असे व रात्री सोडला जाई. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक होता. बारा वर्षांनी येणारा योग. सारे घर निघाले, दिवाणजीही निघाले, दुकान पाच दिवस बंद. निघण्याच्या दिवशी वडिलांनी मला दोन कामे सांगितली. मोत्याला बांधणे, आणि मागच्या गल्लीत राहणाऱ्या आमच्या हमालाला निरोप देणे की, रोज दोन वेळा येऊन भाकरी-पाणी घाल व रात्री साखळी सोड. पहिले काम मी केले. दुसरे विसरलो. एस.टी.च्या लाल गाडीत खिडकीची जागा मिळवण्याची घाई होती.

पाठशाळेत आम्हांला अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ होते: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बंध म्हणजे बांधणे, अन्नपाननिरोध म्हणजे खाणेपिणे रोखणे. आमच्या पंडितजींनी बंधाचा अर्थ सांगताना एक गोष्ट सांगितली होती, ती मला नंतर ग्रंथांतही आढळली. श्रावकाचारावरील जुन्या विवेचनांत असे म्हटले आहे की, श्रावकाने शक्यतो बांधावी लागणार नाहीत अशीच जनावरे ठेवावीत. बांधणे भागच पडले तर गाठ इतकी सैल असावी की आग लागली असता जनावराला सुटता यावे. हजार वर्षांपूर्वीच्या कोणा आचार्याने गोठ्यातील गाठीचाही विचार करून ठेवला होता. मी पाठशाळेत या श्लोकांना पहिले बक्षीस मिळवलेला मुलगा, आणि मोत्याची साखळी खुंट्याला दोन वेढे देऊन मीच घट्ट केली होती.

आम्ही परतलो तो पाचव्या दिवशी दुपारी. पाण्याचे भांडे उलटे पडले होते. ऊन चौकात भरलेले. साखळी जिथवर पोहोचते तिथवर जमीन उकरलेली होती आणि मोत्याच्या मानेवर पट्ट्याखाली जखम झाली होती. तो जिवंत होता. आईने घमेल्यात पाणी ठेवले, ते तो पडल्या पडल्याच प्यायला. वडिलांनी हमालाला बोलावणे पाठवले. तो आला, हात जोडून म्हणाला, “मालक, मला कुणी सांगितलंच न्हाई.” वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “मी सांगितलं होतं.”

त्या काळी अडत दुकानातल्या मुलाच्या शब्दापुढे हमालाचा शब्द चालत नसे. वडिलांनी त्याला चार माणसांदेखत खूप सुनावले आणि आठवड्याची हमाली कापली. तो काही बोलला नाही. जाताना मोत्याच्या जखमेला त्यानेच हळद लावली, आमच्याच पोत्यातली. पुढे तो आमच्याकडे आणखी सोळा वर्षे राबला. मोत्या बरा झाला, परंतु त्यानंतर मी चौकात पाऊल ठेवले की तो उठून उभा राही आणि साखळी ताणून गुरगुरे. घरातल्या दुसऱ्या कोणावर तो कधी गुरगुरला नाही. सगळे म्हणत, याला कुत्र्याची भीती वाटते. भीती खरीच होती.

नात पाणी घेऊन आली तेव्हा मी तिला हे सगळे सांगितले. का सांगितले ते मला नीटसे उमगलेले नाही, सौ.लाही त्रेचाळीस वर्षांत मी हे सांगितले नव्हते, आणि ती शेजारीच बसून ऐकत होती. नात खूप वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “मग तुम्ही त्या काकांना सॉरी म्हणालात?”

“नाही.”

“आणि तुमच्या बाबांना खरं सांगितलं?”

“नाही.”

तिने दोरी माझ्या हातातून घेतली नाही. बिस्किटला हाक मारली. तो जिभेवरून पाणी गाळीत आला, भांड्यातले अर्धे प्याला, आणि ती म्हणाली, “आजोबा, कडी तुम्ही लावा. पण हळू. पट्ट्याखाली दोन बोटं जातात की नाही ते बघा आधी.” मी पाहिले. गेली. त्या ओल्या, उबदार मानेला मी प्रथमच हात लावत होतो. माझा हात थरथरत होता हे त्याला कळले असावे, कारण तो अजिबात हलला नाही.

त्या ऋतूत तिकडे सूर्यास्त साडेआठच्या सुमारास, त्यामुळे चौविहाराची घाई नव्हती. तरी आम्ही लवकर परतलो. पुढचे तीन महिने दर रविवारी मी बागेत गेलो. स्वयंपाकघराचे फाटक आम्ही निघेपर्यंत होते तसेच होते. मात्र जेवणे झाली की सौ. फाटकाच्या अलीकडे पाट घेऊन बसे आणि पलीकडे बिस्किट. ती सामायिक करी आणि तो तितका वेळ झोपून राही.

सांगलीला परतल्यावर मी मार्केट यार्डात चौकशी केली. आमचा हमाल १९९१ साली वारला. त्याचा मुलगा यार्डातच तोलाईचे काम करतो, पन्नाशी ओलांडली आहे. मी दोनदा त्याच्या काट्यापर्यंत जाऊन आलो. पहिल्या वेळी गर्दी होती. दुसऱ्या वेळी गर्दी नव्हती, त्याने मला ओळखले, उठून उभा राहिला, “या साहेब, काय काम काढलं?” म्हणाला, आणि मी हळदीचा भाव विचारून परत आलो. माझे थोरले बंधू या मासिकाचे नियमित वाचक आहेत. वरील हकीकत त्यांनाही या अंकातूनच प्रथम कळेल. अंक हाती आला की त्याची एक प्रत घेऊन तिसऱ्यांदा यार्डात जायचे आहे.